दसऱ्याची पहिली गाडी

सूर्य कासराभर वर आला तरी वामनरावांच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकातून एकही गाडी आत वळली नाही, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची उचलून फाटकाच्या तोंडाशी मांडायला लावली.

"अवो, तिथं उनात काहून बसता?" त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई ओट्यावरून ओरडल्या. "डोयाचं आपरेशन झालं तुमचं. डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डाक्टरले म्हणा, माह्या घरी मुहूर्त हाय. मले रस्ता दिसला पायजे."

आणि रस्ता दिसत होता, हीच तर पंचाईत होती. पिंपळखेडहून अकोटला जाणारा रस्ता जिनाच्या भिंतीला घासूनच जातो. दसऱ्याचा दिवस, पहिल्या वेचणीचा कापूस. गाड्या एकामागून एक येत होत्या. घुंगरांचा आवाज आला की वामनराव खुर्चीत सावरून बसत, खांद्यावरचं उपरणं नीट करत. गाडी जवळ येई, फाटकापाशी येई आणि तशीच पुढं अकोटकडं निघून जाई. गाडीवान नाकासमोर बघत. बैलाची शेपटी पिरगाळायची घाई त्यांना नेमकी तिथंच सुटत होती. ही माणसं काय परकी होती? यांच्या पोरींच्या लग्नांना मांडवाचे बांबू याच जिनातून गेले होते, आणि वामनराव अक्षता टाकायला स्वतः उभे राहिले होते.

एरवी या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. दसऱ्याला जी गाडी सगळ्यांत आधी फाटकात शिरेल तिचा मान. तिच्या चाकाशी नारळ फुटायचा, बैलांच्या अंगावर झूल पडायची, धन्याच्या डोक्याला वामनराव आपल्या हातानं फेटा बांधायचे. मग उपरण्याखाली हात धरून भाव ठरायचा. बोटं दाबून भाव सांगायचा, पटला नाही तर समोरच्यानं हात हिसकायचा. रोजच्या सौद्यात हे मुकाट चालतं. मुहूर्ताला मात्र गाडीवाला मुद्दाम हात हिसकून नाटकं करायचा, लोक आरडाओरडा करून त्याला आणखी चढवायचे आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची. भाव ठरला की गुलाम नबी इंजिन चालू करायचा, भोंगा वाजायचा, आणि सगळं पिंपळखेड जिनाच्या आवारात पंगतीला बसायचं. बुंदी, पुऱ्या आणि वांग्याची भाजी. वांग्याची भाजी हवीच, कारण वामनरावांचे वडील खुशालराव हे मुळात डोक्यावर पाटी घेऊन वांगी विकणारे माळी. जिन पुढं झाला. "ज्या गावानं आपली वांगी खाल्ली त्या गावाले विसरायचं नाही," असं ते मरेपर्यंत सांगत.

आजही कढया चढल्या होत्या. बुंदीचा ढीग परातीत मावत नव्हता. अमरावतीहून माहेरी आलेली जयवंता पदर खोचून तिथं उभी होती. तिचे वकील यजमान आले नव्हते. कोर्टाचं काम आहे म्हणाले. दसऱ्याला कोणतं कोर्ट उघडं असतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

देवीदास कोट घालून फाटकाशी आला. हा थोरला. नागपूरला शिकलेला, आणि दोन वर्षं झाली जिनाचा सगळा कारभार याच्याच हाती.

"बाबा, आत चला. लोक बघताहेत."

"पायतात तं खरं. थांबत नाहीत लेकाचे."

"नाही थांबले तर गेले उडत! आपण या लोकांसाठी काय करायचं बाकी ठेवलंय? बादशहाच्या ज्युबिलीला अकोल्यात एवढा दगडी दवाखाना बांधून दिला. कमिशनरसाहेब अमरावतीहून आले उघडायला. तुमचं नाव कोरलंय तिथं, हातभर अक्षरांत."

"अकोल्यात," वामनराव म्हणाले. "पिंपळखेडचा माणूस बिमार पडला तं अकोल्याले जाईस्तोवर रस्त्यातच सरते. त्याले माह्य नाव वाचून काय करायचं हाय?"

"मग काय तळ्यावर पाटी लावायची होती? पाण्याचं कुणी कौतुक करत नाही, बाबा. पितात आणि विसरतात."

"इसरले दिसत नाहीत," वामनराव म्हणाले, आणि आणखी एक गाडी समोरून गेली.

तळ्याचं सांगायला हवं. इकडची जमीन काळी आणि कसदार, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. कुठंही विहीर खणा, खारंच लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बॉयलरला तर ते विषच. म्हणून खुशालरावांनी वामनरावांच्या जन्माआधीच्या दुष्काळात गावाला हाताशी धरून जिनाच्या आवारात तळं खणलं. पावसाचं पाणी, साखरेसारखं गोड. खणणाऱ्यांना त्यांनी धान्य दिलं आणि शब्द दिला, की होळी झाली, नदी आटली की तळ्याचं फाटक गावासाठी उघडं. ज्याचा त्याचा घाट वेगळा होता, त्या काळी तेच चालायचं; पण फाटक एकच होतं, आणि सकाळ-संध्याकाळ तिथं मनकर्णाबाई पायरीवर बसून कुणाला पोर झालं, कुणाची सासू कशी वागते, सगळं ऐकून घ्यायच्या. म्हणूनच तर दसऱ्याला गाड्या यायच्या. अकोटला चार दिडक्या जास्त मिळत असूनही यायच्या. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात देवीदासनं त्या फाटकाला कुलूप घातलं. नवा बॉयलर मोठा, त्याला पाणी जास्त लागतं, आणि आदल्या पावसाळ्यात पावसानंही ओढ दिली होती. तळं आटलं तर जिन बंद, जिन बंद तर गावाचीच मजुरी बुडणार. हिशेब त्याचा चुकला होता असंही म्हणता येत नाही. वामनराव तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून अमरावतीला लेकीकडे पडून होते. मनकर्णाबाई त्यांच्या उशाशी. देवीदास विचारायला आला होता. "पाण्याचा बंदोबस्त करावा म्हणतो," इतकंच बोलला. आणि वामनराव म्हणाले, "तुले पटते तसं कर बावा." कसला बंदोबस्त, कुणाचं पाणी, एक शब्द विचारला नाही. पट्टी डोळ्याला होती हो, तोंडाला नव्हती!

बायका मग पूर्णेच्या कोरड्या पात्रात झिरे, वाळूत पाणी पाझरायचे खड्डे, खणू लागल्या. वैशाखात झिरे खोल गेले. गुलाम नबीची नईमा बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी ती झिऱ्यात वाकून वाटीनं पाणी भरत होती, आणि वरची वाळूची कड तिच्या अंगावर ढासळली. लोकांनी हातांनी वाळू उपसली. उशीर झाला होता. तेव्हा जिनाचं तळं कमरेइतकं भरलेलं होतं.

"बाबा," धाकटा ओमप्रकाश घाईघाईनं आला. हा तिशीचा, गाडीवानांच्यात वाढलेला, त्यांच्यासारखाच रांगडा. कुलूप लावलं होतं ते यानंच, दादानं सांगितलं म्हणून, आणि तेव्हापासून तो दादाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "बाबा, उठा. गाडी येऊन राहिली."

"येऊन राहिली का जाऊन?"

"येऊन! वळली पाहा, वळली!"

आणि खरंच वळली. तेल्हाऱ्याकडची दिसत होती, बैल ओळखीचे नव्हते. पण गाडी शिगोशीग भरलेली आणि फाटकातून आत! वामनराव इतक्या झटक्यानं उठले की खुर्ची उलथली. "अरे वाजव! वाजव रे हलगी! देवीदासची माय, आरती आणा!" म्हातारा लहान पोरासारखा धावत सुटला. त्यांनी चाकाशी नारळ फोडला. फेटा बांधताना त्यांना पदर सापडेना, मग गाडीवाल्यानंच मान खाली घातली. जयवंता तोंडाला पदर लावून रडत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"कोन्या गावचे पाव्हणे?"

"तिकडलाच, तेल्हाऱ्याच्या अंगचा."

"एका गाडीनं माही लाज राखली गड्या. ये, भाव करू."

उपरणं पसरलं. वामनरावांनी त्याखाली गाडीवाल्याचा हात धरला आणि रिवाजाप्रमाणं मुद्दाम कमी भाव दाबला. आता हा हात हिसकणार, ओरडणार, "बुडवता का काय गरिबाले!" म्हणणार.

हात हलला नाही.

वामनरावांनी आणखी एक बोट कमी केलं. हात तसाच, मेल्यासारखा. मग त्यांनी एकच बोट धरलं. इतक्या भावात कुणी सरकी देणार नाही, कापूस तर सोडाच. गाडीवाला मान खाली घालून म्हणाला, "कबूल हाय, मालक."

वामनरावांनी हात सोडला. गाडीजवळ गेले, वरचा कापूस बाजूला करून आतला मूठभर काढला, बोटांनी धागा ओढून पाहिला. मग ओमप्रकाशकडे पाहिलं.

"हा आपल्या वढ्याकाठच्या वावरातला कापूस हाय."

हलगीवाला वाजवतच होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. ओमप्रकाशनं त्याला हातानं थांबवलं.

"बाबा, तुमचं तोंड पाहवत नवतं," तो म्हणाला. "सकायपासून त्या खुर्चीवर... जयवंताताई म्हणे, काही तरी कर."

"मीच म्हटलं," जयवंता पुढं आली. "त्याले नका बोलू. मले वाटलं, एक गाडी वळली तं पाहून दुसरी वळन."

"भाड्यानं आणलीस?" देवीदास ओमप्रकाशवर उसळला. "अरे, मी जे केलं ते उघड केलं. चुकलो असेन, पण उघड. तू तर बापाला सगळ्या गावादेखत बनवलंस!"

"तू नको सांगू दादा! तुह्या कुलपानं हे सारं झालं!"

"कुलूप कुणाच्या हातानं लागलं? तेव्हा नाही म्हणायला जीभ झडली होती का तुझी?"

"बस करा!" मनकर्णाबाई आरतीचं ताट हातात घेऊनच ओरडल्या. "लेक मेली ना लोकायची! अन् तुमी कोनाच्या हातानं, कोनाच्या हातानं करून राहिले! आपल्या साऱ्याईच्या हातानं! तुह्या बापानं इचारलं नाही, मी गावाले एक निरोप धाडला नाही, आमी तिकडं मोसंब्याचा रस पीत बसलो. बस?"

वामनरावांनी गाडीवाल्याला निघायची खूण केली. तो फेटा काढायला लागला तसे म्हणाले, "राहू दे. बांधलेला फेटा काढत नसतात." आणि चपलासुद्धा न घालता फाटकाबाहेर पडले.

गुलाम नबीचं घर जिनाच्या मागल्या भिंतीलाच लागून. दारात बैलगाडी उभी, तीवर ट्रंका, खाट, हंडे. गुलाम नबी दोरी आवळत होता. जिनाचं इंजिन त्यानं भरज्वानीत हाती घेतलं होतं, आता दाढी पांढरी झाली होती. उन्हाळ्यापासून त्यानं जिनात पाऊल टाकलं नव्हतं.

"हे काय, गुलाम?"

"अकोल्याले चाललो, शेटजी. तिथं एका जिनात काम भेटलं."

शेटजी! आजवर तो त्यांना वामनभाऊ म्हणत आला होता. वामनराव दारातल्या दगडावर बसले. आतून शहाजादी, गुलाम नबीची बायको, दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"शहाजादी, पाणी दे मले."

ती गोंधळली. इतक्या वर्षांत या घरी वामनरावांनी सुकामेवा घेतला होता, ईदेला खजूर घेतला होता. पाणी कधी नाही. तसा रिवाज नव्हता. "आमच्या घरचं?" तिनं विचारलं.

"तुमच्याच घरचं."

तिनं कटोरा आणून दिला. वामनरावांनी एक घोट घेतला आणि तो त्यांच्या घशात अडकला. खारट, तुरट, जिभेवर राख चोपडल्यासारखं. पिंपळखेडात सारा जन्म गेला त्यांचा, पण गावाचं पाणी त्यांनी कधी चाखलं नव्हतं. तळ्याकाठच्या घरात जन्मलेले ते. डोळे मिटून त्यांनी सगळा कटोरा संपवला.

"गुलाम, मी फाटक तोडतो. आज, आत्ता. तळं गावाच्या नावानं लिहून देतो. वकील घरचाच हाय."

"द्या ना. चांगलं काम हाय. लोकायले लागतेच."

"मंग येशील? इंजिन तुह्याच हातानं चालू व्हावं असं वाटते मले."

गुलाम नबीनं दोरीची गाठ मारली. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर वामनरावांना बरं वाटलं असतं.

"शेटजी, खरं सांगू? माह्या बापानं ते तळं खणलं. मले वाटे, पाणी आपलं हाय. तुमचं नाही, माह्य नाही, आपलं. नईमा लहान होती तवा सांगे मी तिले, जाय, आपल्या तळ्यावरून भरून आण. कुलूप लागलं तवा समजलं, का ते तुमचं होतं. तुमी देत होते, आमी घेत होतो. आता तुमी लिहून द्याल, तरी बी ते तुमी देल्लंच राहीन."

"मी काय करू मंग? सांग ना. तू सांगशीन ते करतो."

"मले नाही मालूम," गुलाम नबी म्हणाला. "तिची माय रोज रात्री वाळू उपसते झोपेत. मी तिलेच काही सांगू शकत नाही, तुमाले काय सांगू?" मग त्यानं शहाजादीला हात देऊन गाडीवर चढवलं, आणि वामनरावांना सलाम केला. तोही नीट, वाकून, परक्या माणसाला करतात तसा.

वामनराव परत आले ते थेट तळ्यावर. कुऱ्हाड मागवली. ओमप्रकाश पुढं झाला तर त्याला हातानं दूर सारलं. देवीदास म्हणाला, "बाबा, किल्ली आहे माझ्याकडे," त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हाताऱ्याचे घाव कधी कुलपावर पडले, कधी लाकडावर. शेवटी कडीच उखडली, आणि ते धापा टाकत पायरीवर बसले. पोरांपैकी कुणाला जवळ जायची हिंमत झाली नाही. जयवंता मात्र गेली, आणि तिनं बापाचा हात हातात घेतला. हाताची साल निघाली होती.

दोन्ही पल्ले सताड उघडे केले. तळं काठोकाठ भरलेलं होतं. गावात दवंडी गेली. बुंदी सुकत आली, पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या, आणि आचारी विचारून गेला की भाजीचं काय करायचं. उन्हं उतरली. भिंतीपलीकडे लोक सोनं लुटायला शिवेकडे निघाल्याचा गलका ऐकू येत होता.

"येतीन," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या आपल्या जुन्या जागेवर, फाटकाच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. "बायका येतीन, पाहा तुमी. माणसायची गोष्ट निराळी. बायकायच्या डोक्यावर घागर असते, त्यायले रागावून परवडत नाही."

आणि एक आली. तरणी, कडेवर मूल, डोक्यावर घागर. फाटकाबाहेर थबकली, आत डोकावली. मनकर्णाबाईंनी तिला ओळखलं नाही. उन्हाळ्यानंतर गावात राहायला आलेली असावी. तरी त्यांचा चेहरा फुलून आला. "ये बाई, ये! लेकराले दे माह्याजवळ, घसरशीन. भर, पायजे तेवढं भर."

ती बाई आत आली, पण पायरी उतरली नाही. मूलही दिलं नाही. तिनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्या मोठ्या घराकडे, आणि कमरेची चंची सोडत अगदी सरळपणानं विचारलं,

"घागरीचे किती घेता, बाई?"

मनकर्णाबाईंचे पुढे केलेले हात तसेच राहिले. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं, की आता तुम्ही तरी काही सांगा. वामनराव तळ्याकडे तोंड करून बसले होते. ती बाई थोडा वेळ थांबली, उत्तर येईना म्हणून चंची पुन्हा कमरेला खोचली, आणि रिकामी घागर घेऊन नदीच्या वाटेनं निघून गेली.